शिट्टी, लाल कार्ड आणि न्याय

द्वितीय वर्ष, कला

'पंचांमुखी परमेश्वर' अशी आपल्याकडे म्हण आहे. पंच बोलतील ते देवाचे बोलणे, अशी त्यामागची श्रद्धा. परंतु परमेश्वराच्या कानांवर ऐंशी हजार प्रेक्षकांचा गलका आदळत नाही, धावून धावून त्याला धाप लागत नाही, आणि निर्णय देण्यासाठी त्याला दोनच सेकंदांची मुदत नसते. मैदानावरच्या पंचाच्या वाट्याला हे सारे येते. तेव्हा पंचाच्या हातून चुका होणारच. प्रश्न असा की, पंचाची प्रत्येक चूक हा अन्याय असतो काय? नसेल, तर चूक कोठे संपते आणि अन्याय कोठे सुरू होतो? रग्बी या खेळाच्या आधाराने या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

रग्बीच कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. पण रग्बी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ती पिढ्यान् पिढ्या खेळली जात आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी झुंजतात, त्याचे नावच मुळी 'कलकत्ता कप'. कलकत्त्याचा रग्बी क्लब 1878 साली बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्यांचा हा चषक घडवून इंग्लंडला दिला. म्हणजे त्या चषकात आपल्याकडचीच चांदी आहे! परंतु मी हा खेळ निवडला त्याचे खरे कारण निराळे आहे. पंचाचा निर्णय, त्यावरची फेरतपासणी, नंतरची चौकशी, शिक्षा आणि अपील अशी एखाद्या न्यायालयासारखी उतरंड या खेळाने उभी केली आहे. तिच्यात काय साधले आणि काय साधले नाही, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, लंबगोल चेंडू आणि 80 मिनिटांचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचे. मात्र हाताने तो पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. ज्याच्या हाती चेंडू आहे, त्याला प्रतिपक्षाने कवेत धरून खाली पाडायचे. याला 'टॅकल' म्हणतात. कबड्डीतली पकड ज्याला ठाऊक आहे, त्याला टॅकल समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की, येथे शंभर-शंभर किलोंचे गडी पूर्ण वेगाने एकमेकांवर येतात. म्हणून कोठे धरावे, किती उंच धरावे आणि उचलले तर खाली कसे ठेवावे, याचे कडक नियम आहेत. नियम मोडला तर पेनल्टी. गंभीर असेल तर पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे बाहेर. आणि फारच गंभीर असेल तर लाल कार्ड, म्हणजे खेळाडू सामन्यातून बाद. नियमपुस्तक सांगते की, सामना चालू असताना वस्तुस्थिती आणि नियम या दोन्हींचा निवाडा एकट्या रेफरीने करायचा. खेळाडू त्याला 'सर' म्हणतात आणि त्याच्याशी बोलायचे ते सहसा कर्णधारानेच.

पहिले उदाहरण 2011 सालच्या विश्वचषकाचे. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे वेल्स आणि फ्रान्स यांचा उपांत्य सामना होता. पहिली वीस मिनिटेही झाली नव्हती, तोच वेल्सचा तेवीस वर्षांचा कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या व्हिन्सेंट क्लेअरला टॅकल करताना उचलले आणि क्लेअर जमिनीवर आपटला. रेफरी अ‍ॅलन रोलंड यांनी तत्काळ लाल कार्ड दाखवले. वेल्सचे चौदा गडी तासभर झुंजले आणि अवघ्या एका गुणाने हरले. 9 विरुद्ध 8. वेल्समध्ये संतापाची लाट उसळली. रोलंड आयर्लंडचे, पण त्यांचे वडील फ्रेंच, हेही लोकांनी उकरून काढले.

आता भावना बाजूला ठेवून पाहू. उचललेल्या खेळाडूला डोक्यावर किंवा मानेवर पडू दिले, तर रेफरीने लाल कार्डापासून विचार सुरू करावा आणि सौम्य बाजू दिसली तरच खाली यावे, अशी स्पष्ट सूचना त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने 2009 मध्येच दिली होती. सामना उपांत्य आहे की गावच्या जत्रेतला, हे रेफरीने पाहायचे नव्हते. रोलंड यांनी ते पाहिले नाही. वॉरबर्टनवर पुढे तीन आठवड्यांची बंदी आली, आणि काही वर्षांनी त्याने स्वतःच तो निर्णय योग्य होता असे मान्य केले. म्हणजे येथे लाखो लोकांना जो 'अन्याय' वाटला, तो अन्याय तर नव्हताच, चूकही नव्हती. निर्णय जिव्हारी लागला म्हणून तो चुकीचा ठरत नाही, हा पहिला धडा.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. 2015 च्या विश्वचषकात 18 ऑक्टोबरला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि स्कॉटलंड यांचा उपउपांत्य सामना झाला. सामना संपत आलेला, स्कॉटलंड 34 विरुद्ध 32 असे पुढे. स्कॉटलंडच्या एका खेळाडूकडून चेंडू पुढे सांडला आणि त्यांच्याच जॉन वेल्शने तो पकडला. तो 'ऑफसाइड' आहे असे ठरवून रेफरी क्रेग जुबेर यांनी ऑस्ट्रेलियाला पेनल्टी बहाल केली. बर्नार्ड फोलीने ती मारली. ऑस्ट्रेलिया 35, स्कॉटलंड 34. शेवटची शिट्टी झाली आणि जुबेर हस्तांदोलनालाही न थांबता पळत मैदानाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, जाहीर केले की निर्णय चुकला होता. मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा चेंडूला स्पर्श झाला होता. त्यामुळे वेल्श ऑफसाइड राहिलाच नव्हता. पेनल्टीऐवजी ऑस्ट्रेलियाला स्क्रम द्यायला हवा होता. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आघाडीच्या गड्यांनी एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटारेटी करणे. त्यातून काय निष्पन्न झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा चित्रफीत पाहणारा पंच बसलेला असताना त्याला का विचारले नाही? तर तेव्हाच्या नियमावलीनुसार अशा प्रसंगी त्याला विचारण्याची मुभाच नव्हती. जगभर घरोघरी लोक पडद्यावर जे पुनःपुन्हा पाहत होते, ते पाहण्याची सोय ज्याच्या हाती निर्णय होता त्या एकट्या माणसाला नव्हती!

ही निखालस चूक होती. पण तिला अन्याय म्हणावे काय? मला वाटते, म्हणू नये. जुबेर यांना जे दिसले त्यावरून त्यांनी निर्णय दिला. समोर ऑस्ट्रेलिया आहे की स्कॉटलंड, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. संघटनेने ती चूक लपवली नाही, कोणता नियम कोठे लागू होत होता हे कारणासह सांगितले. आपला माणूस असा उघड्यावर टाकायला नको होता, अशीही टीका त्यावर झाली. तरीही चूक झाकून ठेवण्यापेक्षा ती मान्य करणे बरे. स्कॉटलंडला सामना परत मिळाला नाही हे खरे. परंतु खेळातला काळ मागे फिरवता येत नाही, ही खेळाची मूळ अट आहे. खेळाडू मैदानात उतरतो तो ही अट पत्करूनच.

येथून पुढे मैदान संपते आणि शिस्त समितीची खोली सुरू होते. तेथे घाई नसते, म्हणून तेथल्या चुकीला सवलतही कमी मिळायला हवी.

ही व्यवस्था थोडक्यात अशी आहे. लाल कार्ड मिळालेला खेळाडू समितीपुढे उभा राहतो. शिवाय रेफरीच्या नजरेतून गंभीर नियमभंग निसटला असेल, तर 'सायटिंग कमिशनर' नावाचा अधिकारी सामन्यानंतर ठराविक तासांच्या आत तो समितीकडे पाठवतो. समिती सहसा तिघांची. अध्यक्ष कायदा जाणणारा आणि सोबत माजी खेळाडू, प्रशिक्षक किंवा पंच. चित्रफिती पाहिल्या जातात, वैद्यकीय अहवाल वाचला जातो, खेळाडूच्या वतीने वकील बोलू शकतो. गुन्ह्याची श्रेणी तीन प्रकारची: सौम्य, मध्यम आणि तीव्र. धोकादायक टॅकलसाठी या श्रेणींची बंदी अनुक्रमे दोन, सहा आणि दहा किंवा अधिक आठवडे किंवा सामने अशी धरली जाते. डोक्याला मार बसला असेल तर मध्यम श्रेणीपासूनच मोजायला सुरुवात. गुन्हा कबूल केला, पूर्वीचे वर्तन स्वच्छ असेल, पश्चात्ताप दिसला, तर शिक्षा निम्म्यापर्यंत उतरू शकते.

डोक्याबद्दल एवढी कडक भूमिका का? कारण याच खेळाने माणसांची डोकी मोडली आहेत. इंग्लंडने 2003 साली विश्वचषक जिंकला, त्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाने गाठले. आपण विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्याने 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले, आणि त्याच्यासह इतर माजी खेळाडूंनी संघटनांविरुद्ध कायदेशीर कारवाईचा मार्ग धरला. तेव्हा लाल कार्ड हा एका सामन्यापुरता मामला नाही; एखाद्याची पन्नाशी कशी जाईल, याचा तो मामला आहे.

तर अशा या समितीची खरी कसोटी 2023 साली लागली. ऑगस्टच्या 12 तारखेला इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याचा खांदा वेल्सच्या टेन बॅशमच्या डोक्यावर आदळला. त्या वर्षी नवी पद्धत आली होती. रेफरी पिवळे कार्ड दाखवतो आणि दूर बसलेला फेरतपासणी अधिकारी आठ मिनिटांत ठरवतो की ते पिवळेच ठेवायचे की लाल करायचे. या सोयीला 'बंकर' म्हणतात. बंकरने फॅरेलचे कार्ड लाल केले. पण तीन दिवसांनी शिस्त समितीने ते रद्द केले. कारण असे दिले की, फॅरेलचाच सहकारी मध्ये आल्यामुळे बॅशमची दिशा ऐनवेळी बदलली होती. विश्वचषक तोंडावर आलेला, खेळाडू एका बलाढ्य देशाचा कर्णधार, आणि निर्णय त्याच्या बाजूचा. जगभर गदारोळ झाला. मग वर्ल्ड रग्बीनेच अपील केले. 22 ऑगस्टला अपील समितीने पहिला निर्णय फिरवला. फॅरेलने हात पसरून कवेत घेण्याचा प्रयत्नच केला नव्हता, हा मुख्य मुद्दा आधीच्या समितीने विचारात घ्यायला हवा होता, असे तिने नमूद केले आणि चार सामन्यांची बंदी घातली.

या प्रकरणातून काय दिसते? एक, तीन जाणत्या माणसांनी शांतपणे बसून दिलेला निर्णयही चुकू शकतो. दोन, कारणे लिहून जाहीर केलेली होती म्हणूनच ती कोठे अपुरी पडली हे बोट ठेवून दाखवता आले. नुसता 'निर्दोष' एवढाच शब्द आला असता, तर अपिलात लढायचे कशाशी? तीन, अपिलाची वाट होती म्हणून चूक दुरुस्त झाली. विद्यापीठात आपण उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागतो, ती परीक्षक लबाड असतो म्हणून नव्हे; परीक्षक माणूस असतो म्हणून.

परंतु आता खरी अडचण येते. नियम पुस्तकात सर्वांना एकच असतो. हाताला मात्र तो नेहमी एकसारखा लागत नाही.

2023 च्या विश्वचषकात 9 सप्टेंबरला इंग्लंडच्या टॉम करीचे डोके अर्जेंटिनाच्या खेळाडूच्या डोक्यावर आदळले. अवघ्या तिसऱ्या मिनिटाचा प्रसंग. लाल कार्ड आणि नंतर बंदी. दुसऱ्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलचे डोके स्कॉटलंडच्या खेळाडूच्या डोक्यावर तसेच आदळले. त्याला ना पिवळे कार्ड, ना लाल, ना नंतर चौकशी. दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून पाहणाऱ्या सामान्य माणसाला यातला फरक कसा समजावून सांगणार? करीची शिक्षा चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. पण एकाला शिक्षा आणि त्याच कृतीबद्दल दुसऱ्याला साधा प्रश्नही नाही, असे झाले की बरोबर दिलेली शिक्षाही अन्यायासारखी वाटू लागते.

आणि समोरासमोरचे दोन संघ सारख्या ताकदीचे नसतील तर? 2019 च्या विश्वचषकात जपानमध्ये फिजी आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना झाला. फिजी म्हणजे प्रशांत महासागरातला दहा लाखांहून कमी वस्तीचा द्वीपदेश. रग्बी हाच तिथला जीव की प्राण. फिजीचा पेसेली याटो त्या दिवशी भरात होता. ऑस्ट्रेलियाच्या रीस हॉजचा खांदा त्याच्या डोक्याला लागला. याटोला मेंदूला मार बसल्यामुळे मैदान सोडावे लागले. हॉज मात्र खेळत राहिला, कारण त्याला कोणतेच कार्ड मिळाले नाही. ऑस्ट्रेलिया 39 विरुद्ध 21 ने जिंकले. नंतर हॉज समितीपुढे आला. हे लाल कार्डाचेच प्रकरण होते असे समितीने ठरवले आणि सहा आठवड्यांची शिक्षा निम्मी करून तीन सामन्यांची बंदी घातली. डोक्यावरील टॅकलबाबत वर्ल्ड रग्बीने आखून दिलेली चौकट हॉजला पुरेशी ठाऊकच नव्हती, अशीही नोंद समितीच्या निर्णयात आहे.

समितीने आपले काम चोख केले, हे मान्य. पण हिशेब मांडून पाहा. नियम मोडला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने, ज्याचा गडी गेला तो संघ फिजी, आणि हॉजच्या बंदीचा लाभ कोणाला? ऑस्ट्रेलियाच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना! फिजीच्या पदरात एक कागद पडला.

याला कोणी कट म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. तथापि लहानांच्या मनात संशय का मूळ धरतो, हे समजून घेतले पाहिजे. 2020 साली वर्ल्ड रग्बीच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा इंग्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा बड्या संघटनांना प्रत्येकी तीन मते होती. फिजी आणि सामोआ यांना एकेक. समितीपुढे उभे राहताना बड्या संघटनेबरोबर नामांकित वकील असतो. लहान संघटनेला खेळाडूंचा प्रवासखर्च भागवतानाच नाकी नऊ येतात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपले वाडवडील सांगत. त्यांचा न्यायावर विश्वास नव्हता असे नाही. त्या पायरीवर कसे बोलावे, कोणता कागद पुढे करावा, हे सांगणारे त्यांच्या घरात कोणी नव्हते. अर्जावर कोणत्या रकान्यात काय लिहावे, हे घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्याला विचारा. नियम सर्वांना खुला असणे वेगळे आणि तो सर्वांना वापरता येणे वेगळे. ही दुसरी गोष्ट साधत नाही तोवर 'बळी तो कान पिळी' ही म्हण खोटी ठरत नाही.

मग ज्याला दाद मिळत नाही त्याने आरडाओरडा करावा काय? तेही तपासून पाहू. 2021 मध्ये ब्रिटिश व आयरिश लायन्स संघ दक्षिण आफ्रिकेत गेला. पहिली कसोटी हरल्यावर आफ्रिकेचे रग्बी संचालक रॅसी इरॅस्मस यांनी रेफरी निक बेरी यांच्या चुका दाखवणारी 62 मिनिटांची चित्रफीत तयार केली आणि ती जगभर पसरली. पंचांकडून वेळेवर उत्तरे मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नसेल. परंतु त्यातून एका माणसावर लाखो लोक तुटून पडले. स्वतंत्र समितीने इरॅस्मस यांना रग्बीतील सर्व कामांपासून दोन महिने आणि सामन्याच्या दिवसाच्या कामांपासून सप्टेंबर 2022 अखेरपर्यंत दूर ठेवले.

पंचांवर तुटून पडण्याचे फळ काय मिळते, तेही दिसले आहे. इंग्लंडचे वेन बार्न्स हे पेशाने बॅरिस्टर आणि नामवंत रेफरी. 2007 च्या विश्वचषकात त्यांच्या नजरेतून फ्रान्सचा एक पुढे फेकलेला पास निसटला, न्यूझीलंड हरले, आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 2023 चा अंतिम सामनाही त्यांनीच चालवला. त्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचे पिवळे कार्ड बंकरने लाल केले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले ते पहिलेच लाल कार्ड. दक्षिण आफ्रिका 12 विरुद्ध 11 ने जिंकली. काही दिवसांतच बार्न्स निवृत्त झाले आणि आपल्या कुटुंबालाही धमक्या आल्याचे त्यांनी सांगितले. त्या सामन्यात चित्रफीत पाहणारे पंच टॉम फोली यांनीही शिव्याशापांना कंटाळून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतले. जाणते पंच असे निघून गेले, तर उद्या शिट्टी कोणाच्या हाती राहील?

खेळाची घडी बसवण्याचे प्रयत्न चालूच आहेत. 2025 च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत लाल कार्डाचा नवा प्रकार अजमावला गेला. दोषी खेळाडू परतत नाही, परंतु वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. जाणूनबुजून केलेल्या दांडगाईसाठी मात्र पूर्वीचेच लाल कार्ड. एकाच्या चुकीची शिक्षा चौदा जणांनी किती भोगावी, हा प्रश्न त्यामागे आहे. शिक्षा सौम्य झाली तर डोकी पुन्हा फुटतील, अशी भीती काहींना वाटते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

या सर्व विवेचनातून मी काढलेला निष्कर्ष साधा आहे. चूक टाळता येत नाही; अन्याय टाळता येतो. चूक तीन कारणांनी अन्याय बनते: ती एकाला लागू आणि दुसऱ्याला माफ झाली तर, तिचे कारण सांगितले गेले नाही तर, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची वाट बंद असली, किंवा ती वाट फक्त ऐपतवाल्याच्याच पायाखालची असली तर. रग्बीने दुसरी गोष्ट बरीचशी साधली आहे. पहिली अर्धवट साधली आहे. तिसऱ्या गोष्टीत वाट बांधून झाली आहे, पण तिच्यावर चालण्याचे बळ सर्वांना दिलेले नाही.

पंचाने परमेश्वर व्हावे, अशी अपेक्षा आपण सोडून द्यावी. त्याने समोरच्या जर्सीचा रंग पाहू नये, आपला निर्णय का दिला ते सांगावे आणि चुकला तर तसे म्हणावे, एवढे पुष्कळ झाले. बाकीचे काम त्याच्या एकट्याचे नाही. ज्याच्याकडे वकील नाही, ओळख नाही, फार मते नाहीत, अशा संघाला समितीपुढे आपले म्हणणे नीट मांडता यावे, त्याला नियमांची माहिती आणि सल्लागार दोन्ही मिळावेत, ही जबाबदारी खेळ चालवणाऱ्यांची आहे. ती त्यांनी पार पाडली, तर एका गुणाने हरलेला संघही प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेऊन, मान खाली न घालता घरी जाईल.